शनिवारचे बिब्बे

प्रांजलच्या अंगावरचे फोड सोमवारी उठत. आधी कमरेभोवती लालसर पट्टा दिसायचा, मग त्यात बारीक, पाण्याने भरलेल्या पुटकुळ्या यायच्या, आणि आठवडा सरता सरता त्या सुकून काळपट पडायच्या. उजव्या गालावरही तोच प्रकार. आता बरं होत आलं असं वाटायला लागावं, तोवर पुढचा सोमवार दारात उभा.

आणि सोमवारच्या आदला दिवस आत्याचा असायचा.

मुलुंड पूर्वेच्या त्या घरात ही वाटणी पोर पाळण्यात असल्यापासूनची होती. सहा दिवस आई-बाबांचे, रविवार नीलाआत्याचा. नीला सौरभची मोठी बहीण. बावन्न वर्षांची, लग्न न केलेली, कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवणारी. सावंतवाडीकडून आलेले वडील गिरणी बंद पडल्यावर घरी बसले ते उठलेच नाहीत. धाकट्या भावाला तिनेच शिकवलं आणि पुढे घरही दोघांच्या नावावर घेतलं. सौरभचं लग्न झाल्यावर ती वेगळी राहायला निघाली होती, तेव्हा श्रुतिकानेच तिची बॅग परत आत नेऊन ठेवली होती. "कुठे जातेस ताई? मला एकटीला तुझा भाऊ आवरायचा नाही," म्हणाली होती.

रविवारी नीला प्रांजलला तेल लावून न्हाऊ घालायची, केस विंचरायची, मग दोघी खाली जाऊन सोसायटीच्या आवारात पडलेल्या शेंगा आणि बिया गोळा करायच्या. सात वर्षांच्या प्रांजलला रेनट्रीची शेंग आणि गुलमोहराची शेंग डोळे मिटूनही ओळखता येत असे.

फोड सुरू झाले ते जानेवारीत. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, अंगाला लागलेल्या कशाची तरी ॲलर्जी आहे, घरात नवीन काय आलंय ते आठवून बघा. मग साबण बदलला, कपड्यांची पावडर बदलली, चड्ड्यांचं इलॅस्टिक काढून नाड्या घातल्या, उशीचे अभ्रे उकळून घेतले. मलमाने फोड बसत आणि सोमवारी परत येत.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नीलाने तेलाची वाटी कोमट करून आणली, तर श्रुतिका प्रांजलला धरून उभी.

"ताई, आज राहू दे. मी घालते तिला आंघोळ."

"अगं, तुला एक दिवस मिळतो झोपायला."

"झाली माझी झोप."

"पण रविवार आत्याचा ना!" प्रांजल म्हणाली.

"सगळे रविवार आत्याचेच नसतात," श्रुतिका म्हणाली आणि पोरीला घेऊन न्हाणीघरात गेली. कडी आतून लागल्याचा आवाज आला.

नीला वाटी हातात धरून उभी राहिली. तेल गार झालं तेव्हा तिने ते परत बाटलीत ओतलं.

तिला राग आला नाही. श्रुतिकाचं गेलं वर्ष तिने जवळून पाहिलं होतं. पाचव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं. मुलगा होता. हॉस्पिटलात सौरभ बाहेर बाकावर डोकं धरून बसला होता, आणि आत श्रुतिकाचा हात धरून नीला होती. घरी आल्यावर श्रुतिका रडली नाही. घाटकोपरच्या विमा ऑफिसात पंधरवड्यात रुजू झाली. फक्त दाराच्या चौकटीत अधूनमधून टांगली जाणारी लिंबू-मिरची तेव्हापासून एकही शनिवार चुकेनाशी झाली. चालायचंच, नीलाला वाटलं होतं. माणसाला हाताला काहीतरी काम हवं असतं.

त्या संध्याकाळी विक्रोळीहून श्रुतिकाची आई आली. रत्नप्रभाकाकी. बाई तशी मोकळी, हसती. आल्या आल्या नातीच्या गालाला नारळाचं दूध चोपडलं आणि मग गॅलरीत गेली. तिथे नीलाने कॉलेजच्या प्रात्यक्षिकासाठी डब्यातल्या बिया उन्हाला घातल्या होत्या. लाल-काळ्या गुंजा, करडे सागरगोटे, रिठे, खाजकुयलीची शेंग, आणि चकचकीत काळे बिब्बे.

"नीलाताई, ह्या सगळा कित्याक वो?"

"मुलांना दाखवायला, काकी. बारावीला फळं आणि बिया असतात."

"बिब्बे पण असतत काय बारावीक?" काकी हसत म्हणाली. पण तिने पदर आवरून घेतला आणि सुकत्या बियांना लांबून वळसा घालून आत गेली.

*

नीलाला कळलं ते एका गुरुवारी, दुपारी. श्रुतिका ऑफिसात, सौरभ ठाण्याला. प्रांजलने शाळेतून आल्यावर आमटीची वाटी फ्रॉकवर ओतून घेतली, म्हणून नीलाने तिचे कपडे बदलले. फ्रॉकखालचा परकर उतरवताना नेफ्यात बोटांना काहीतरी टणक लागलं. एक. मग वीतभर पुढे दुसरं. मग तिसरं.

तिने कात्रीने चार टाके उसवले. लाल कापडाच्या चिंधीत गुंडाळलेला बिब्बा होता. मधोमध सुईने आरपार भोक पाडून त्यातून काळा दोरा ओवला होता. भोकाभोवती चिंधीवर तपकिरी डाग पसरला होता. नीला खोलीत गेली आणि प्रांजलची उशी चाचपली. उजव्या कोपऱ्यात, गाल टेकतो तिथे, चौथा.

ती पलंगावर बसली. वीस वर्षं ती हे फळ वर्गात फिरवत होती. चिमट्यात धरून. 'हा आंब्याचा आणि काजूचा भाऊबंद. आतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात जाते, आणि सालीतलं तेल कातडी जाळतं. परटाने कपड्यावर याची खूण केली की ती जन्मभर जात नाही.' पहिल्या वेळी काही होत नाही. शरीर त्या तेलाला ओळखायला शिकतं, आणि एकदा शिकलं की पुढच्या प्रत्येक वेळी दोन दिवसांनी फोड उठतो. नवे बिब्बे शनिवारी, लिंबू-मिरचीबरोबर. फोड सोमवारी. मधला रविवार निव्वळ मध्ये सापडला होता.

तिला पहिल्यांदा सुटल्यासारखं झालं. उत्तर मिळालं होतं. इतकं साधं, की आज संध्याकाळी संपून जाईल.

श्रुतिका सात वाजता आली. नीलाने प्रांजलला शेजारी खेळायला पाठवलं आणि चिंधी टेबलावर ठेवली.

"हे तू शिवलंस?"

श्रुतिकाने पर्स खाली ठेवली नाही. "तू तिचे कपडे उसवलेस?"

"श्रुतिका, हा बिब्बा आहे. याच्या सालीत तेल असतं. काजू भाजताना हात भाजतात ना गावाला, तसलंच. भोक पाडलं की ते झिरपतं. पोरीच्या अंगावर जे उठतंय ना..."

"बरंच माहीत आहे तुला बिब्ब्याचं."

"मी शिकवते ते."

"तेच म्हणतेय मी."

मग सावकाश, वर्गात मागच्या बाकाला समजावं तसं, तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. शनिवार, सोमवार, कंबर, गाल. श्रुतिका ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर एकदाच, अगदी पळभर, काहीतरी हललं. जसं काही तिला ते पटलं होतं, आणि पटल्याबरोबर समोर खोल विहीर दिसली होती.

"म्हणजे मी माझ्या हातांनी माझ्या पोरीला भाजतेय," ती म्हणाली.

"तुला माहीत नव्हतं गं."

"दर शनिवारी. सुईत दोरा ओवून."

"श्रुतिका..."

"आणि माझा मुलगा गेला तेव्हा? तेव्हा नव्हता घरात बिब्बा. तो कशाने गेला?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, त्याचं हृदय नीट..."

"का नाही नीट? माझ्याच का? सांग ना, तुला सगळं माहीत असतं." तिचा आवाज चढला नाही. "तू तेव्हाही असंच सांगितलंस, ताई. हात धरून. सगळं समजावून. मला वाटलं, ही बाई रडत कशी नाही."

नीलाकडे त्या 'का'ला उत्तर नव्हतं. कुणाकडेच नव्हतं. फक्त रत्नप्रभाकाकी ज्यांच्याकडे नजर काढायला जायची, त्या विक्रोळीच्या दशरथबुवांकडे होतं, आणि ते त्यांनी श्रुतिकाला दिलं होतं. घरातल्याच कुणाची तरी नजर आहे. जिला स्वतःचं नाही, तिची.

टेबलावरची चिंधी श्रुतिकाने उचलली आणि पर्समध्ये टाकली.

*

नीलाने मग जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. आयुष्यभर प्रयोगशाळेत उभं राहिलेल्या माणसाची अशी ठाम समजूत असते, की ऐकलेलं विसरलं जातं पण डोळ्यांनी पाहिलेलं नाकारता येत नाही. शनिवारी सकाळी तिने सौरभला खोलीत बोलावलं आणि आपल्या डब्यातला एक बिब्बा सुईने टोचून, तिचं टोक डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, बोटभर लांब ओढलं. काळी रेघ उमटली.

"ताई, काय वेडेपणा चाललाय?"

"आज काही होणार नाही. उद्याही फार नाही. परवा इथे फोड असतील, अगदी प्रांजलसारखे. मी तुला आधी सांगून ठेवतेय. आलं लक्षात?"

"आलं." सौरभने मान डोलावली. तो भांडणाच्या आधीच थकलेला माणूस होता. "तू बोल ना श्रुतिकाशी."

"बोलले. आता तुम्ही दोघं बघा."

सोमवारी महाशिवरात्रीची सुट्टी होती. हात कोपरापर्यंत सुजला होता. रेघेच्या जागी फोडांची माळ उठली होती, पाणी गळत होतं, आणि रात्रभर तिला डोळा लागला नव्हता. वर्षानुवर्षं हाताळून तिचं अंग या तेलाला पोरीपेक्षा जास्त ओळखत होतं. तरी नीला बाहेर आली ती जवळजवळ आनंदात.

बाहेर पाहुणे होते.

दशरथबुवा तिने कल्पिले होते तसे नव्हते. जटा नाहीत, रुद्राक्ष नाहीत. इस्त्रीचा शर्ट आत खोचलेला, खिशाला पेन. कंपनीतून निवृत्त झालेले, मालवणकडचे, मृदू बोलणारे. शेजारी रत्नप्रभाकाकी. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी पिशवीतलं सामान मांडलं होतं, आणि प्रांजल मांडी घालून त्यांच्यासमोर बसली होती. रविवारी आत्यासमोर बसायची तश्शी.

"ह्या काय?" बुवा विचारत होते.

"लिंबू."

"लिंबू म्हणजे जीव. आपल्या बदल्यात एक जीव दिलो, म्हणून तो कापतत. रगात नको. आणि ह्यो खिळो. लोखंड. चौकटीक मारलो की घराक गाठ बसली, कोण भुतूर येऊचा नाय. हे उडीद. भूत आसता ना, तेका मोजूची खोड. मोजीत बसता, तवसर सकाळ."

प्रांजल हसली. "भुताला गणित येतं?"

"माझ्यापेक्षा बरा येता. ह्यो कोळसो. तो आधीच जळलेलो, तेका आणखी कोण काय जाळतलो? ह्या मीठ, इरघळता. मोवरी तडतडता, तशी नजर फुटता. आणि ही काळी बावली." त्यांनी चिंधीची बोटभर बाहुली उचलली. "ही तू. वायट इला की तेका वाटता, ह्याच पोर. ताच घेऊन जाता. तू रवतंस हयच."

"आणि तो?"

"बिब्बो. ह्यो डोळो. बघ, काळो, चकचकीत. डोळ्याक डोळो लावूचो. आणि सुई टोचली की फुटको डोळो. मग वायट नजरेक दिसाचा नाय तू खंय आसस ता."

नीला दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या मनात आलं, की यात एकही वस्तू वाया गेलेली नाही. प्रत्येकीला काम आहे, प्रत्येकीला कारण आहे, आणि सगळ्या मिळून एका लहान मुलीभोवती उभ्या आहेत. तिच्याकडे याच्या बदल्यात द्यायला काय होतं? एक तेल आणि एक कातडी.

तरी ती पुढे झाली आणि हात समोर धरला.

"बुवा, बिब्ब्याने कातडी भाजते. तुम्हाला माहीत असेल."

बुवांनी हाताकडे पाहिलं. हेटाळणी नाही, घाई नाही. "भाजता तर. बिब्बो उततलोच. पण सगळ्यांक खंय उतता? चेडवाक उतता, कारण तेच्या अंगातला वायट भायर पडता. पडूकच व्हया."

"आणि माझ्या?"

मग रत्नप्रभाकाकीने हात तोंडावर नेला.

"उलाटली," ती पुटपुटली. "अगो बाय माझे. जेनी केल्यान, तेच्यारच उलाटली."

"काकी, मी स्वतः लावलाय बिब्बा. शनिवारी. सौरभसमोर." नीला भावाकडे वळली. "सांग ना. मी तुला आधीच सांगितलं होतं, परवा फोड येतील म्हणून. हो की नाही?"

सौरभ भिंतीला टेकून उभा होता. "सांगितलं होतं तिने," तो म्हणाला. "बरोबर परवाच येतील म्हणाली होती."

"जेका म्हायत आसता," बुवा हळूच म्हणाले, "तोच आधी सांगता."

नीलाने श्रुतिकाकडे पाहिलं. श्रुतिका ओट्यापाशी उभी होती आणि त्या सुजलेल्या हाताकडे टक लावून बघत होती. तिच्या डोळ्यांत द्वेष असता तर नीलाला बरं वाटलं असतं. तिथे सुटका होती. विहिरीच्या काठावरून कुणीतरी मागे ओढून घेतल्यासारखी.

प्रांजल उठली आणि आत्याच्या हाताला बोट लावायला निघाली. काकीने तिला झटकन मागे घेतलं.

*

"पोलिसात जा," संघमित्रा म्हणाली. ती नीलाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, बोरिवलीला एकटी राहायची, आणि तिला आडपडदा ठाऊक नव्हता. "कायदा आहे, नीला. याच्यासाठीच आहे. त्या बुवाला उचलतील."

"आणि परकरात बिब्बे कोण शिवतं, असं विचारतील."

"मग?"

"प्रांजलच्या आईला चौकीत नेतील. प्रांजलसमोर."

"तिच्या अंगाची चाळण होतेय त्याचं काय?"

त्याचंच काय, ते नीलाला रात्रंदिवस कळत नव्हतं. डॉक्टरांना तिने गाठून सांगितलं होतं. डॉक्टरांनी श्रुतिकाला बोलावून दरडावलं होतं. श्रुतिकाने मान खाली घालून काढते म्हटलं होतं, आणि परकरातले बिब्बे गादीच्या शिवणीत गेले होते. नीलाने ते शोधून टाकले की नवे येत. आता तर बुवांनी वाढवून सात सांगितले होते. पोरगी झोपेत खाजवायची. मानेवरही पट्टा उठला होता.

शेवटी सौरभच बोलला. दोघं भाजी आणायला स्टेशनकडे निघाली होती. अर्ध्या वाटेत तो थांबला आणि चपलेचा पट्टा सैल झाल्यासारखं दाखवत वाकून बघू लागला.

"ताई, तू थोडे दिवस दुसरीकडे राहिलीस तर?"

"तुला वाटतं मी करते?"

"नाही यार, मला काय वेड लागलंय? मला माहीत आहे बिब्बाच आहे तो."

"मग तिला सांग."

"सांगितलं ना." तो अजून वाकलेलाच होता. "ती म्हणाली, मग मी राक्षसीण आहे का, तेवढं तूच तोंडाने बोल. मी काय बोलू? ती अख्खी रात्र पोरीच्या उशाशी बसून होती. मुलगा गेल्यापासून ती आत्ता कुठे... ताई, ती आता हसते कधीकधी. तुझ्यावर राग धरलाय ना, त्याच्या आधाराने उभी आहे ती. तो काढून घेतला तर पडेल."

नीलाने भावाचा हात धरून त्याला सरळ उभं केलं. एवढं मोठं, एवढं खरं वाक्य तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. नेमकं याच वेळी बोलला होता.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. श्रुतिका कणीक मळत होती.

"श्रुतिका, मी गेले, तर ते बिब्बे काढशील?"

श्रुतिकाने मान वर केली. तिला प्रश्नच नीट कळला नाही, इतकं उत्तर उघड होतं.

"तू गेलीस तर ते कशाला लागतील?"

नीला पाहत राहिली. इतक्या दिवसांत तिने हा सरळ हिशेब मांडला नव्हता. ती घरात आहे म्हणून बिब्बे आहेत. बिब्बे आहेत म्हणून फोड आहेत. ती गेली की बिब्बे जातील, फोड जातील, कातडी पंधरा-वीस दिवसांत नितळ होईल. औषध सापडलं होतं आणि त्याचा गुण शंभर टक्के येणार होता. आणि तो गुणच कायमचा पुरावा होणार होता. प्रांजल जितकी लवकर बरी होईल, तितकी आत्या दोषी ठरेल. कुणाचीही बाजू घेऊन हे मोडता येण्यासारखं नव्हतं. तिने सगळ्या बाजूंनी बघितलं, सवयीने. कुठेही फट नव्हती.

"गादीतले पण," ती म्हणाली. "शिवण उसवून बघ. तीन आहेत."

"काढीन."

"आणि काढलेले उघड्यावर टाकू नकोस. चिमट्याने धर. हात साबणाने धू. तुला उततील."

श्रुतिकाचे हात कणकेत थांबले.

"ताई," ती म्हणाली, "तुला माझा राग येत असेल."

"नाही गं," नीला म्हणाली, आणि ते खरं होतं. राग आला असता तर राहायला काहीतरी कारण मिळालं असतं.

तिने दोन बॅगा भरल्या. या वेळी त्या कुणी परत आत नेऊन ठेवल्या नाहीत. बियांचा डबा मात्र ती न्यायला विसरली असं सौरभला वाटलं, म्हणून तो लिफ्टपर्यंत घेऊन धावत आला. श्रुतिका मागून म्हणाली, "तो द्यायलाच हवा. घरात नको."

प्रांजल शाळेत होती. तसंच ठरवलं होतं.

*

बोरिवलीला संघमित्राकडची मागची खोली तिला मिळाली. खिडकीतून नॅशनल पार्कच्या टेकडीची कड दिसायची. टेकडीच्या पलीकडे मुलुंड, सरळ गेलं तर किती जवळ, असं संघमित्रा एकदा म्हणाली आणि मग तिनेच विषय बदलला. नीला घोडबंदरवरून बसने कॉलेजला जात राहिली. मार्च संपत आला. हातावरचे फोड सुकले, खपल्या पडल्या, आणि मनगटाच्या वर बोटभर लांब तपकिरी खूण राहिली.

घरी जायचं नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं. फक्त सौरभ म्हणायचा, "थोडं थांब. जरा सेटल होऊ दे." एकदा त्याने फोटो पाठवला. प्रांजलची पाठमोरी कंबर, फ्रॉक वर करून धरलेला. एक डाग नाही. खाली लिहिलं होतं, 'एकदम क्लिअर. थँक्स ताई.' नीलाने फोटो मोठा करून कडा तपासल्या. नवी कातडी जराशी फिकट होती. ती जुळून येईल.

एका शनिवारी दुपारी सौरभच्या नंबरवरून फोन आला. तिकडून कुजबुज ऐकू आली.

"आत्या? मी बोलतेय. बाबा झोपलाय. आई लिंबू आणायला खाली गेलीय."

"प्रांजल," नीला म्हणाली. "जेवलीस?"

"हो. आत्या, माझं सगळं बरं झालं. गालपण."

"खाजतं का गं कुठे?"

"अजिबात नाही." मग श्वास ऐकू येत राहिला. पोरीला काहीतरी विचारायचं होतं आणि ती धीर गोळा करत होती. "आत्या, तू गेलीस म्हणून बरं झालं ना?"

नीला खोटं बोलायला कधी शिकली नव्हती. तिने प्रश्न पुन्हा मनाशी लावून पाहिला. दोन उत्तरं होती. एकाने पोरीच्या मनातून आत्या गेली असती, एकाने आई. आणि विचारलं होतं तेवढ्यापुरतं उत्तर एकच होतं.

"हो," ती म्हणाली.

"म्हणजे आजी म्हणते ते..."

प्रांजलने वाक्य पुरं केलं नाही. नीलानेही केलं नाही. पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. दिवाणखान्यातला, कुरकुरणारा. तिनेच सौरभला सांगून ठेवलं होतं, तेल घाल म्हणून.

"मी शाळेत कोणालाच नाही सांगितलं," प्रांजल घाईघाईने म्हणाली. "रिक्षातल्या मुलींना पण नाही. विचारलं तर सांगते, माझी आत्या लांबच्या कॉलेजात गेलीय. तुला कोणी काही करणार नाही, आत्या."

"शहाणी गं माझी."

"मी तुझ्यासाठी रेनट्रीची शेंग ठेवलीय. पण आजी म्हणाली, तुझ्यासाठी काही ठेवायचं नाही. मग मी ती खाली टाकून दिली."

"बरं केलंस."

"झाडाखालीच टाकली."

"हो."

तिकडे दाराची बेल वाजली. "आई आली," प्रांजल म्हणाली, आणि फोन बंद झाला.